टाकताना काय म्हणाला

"आधी दिवा," असं म्हणून मामा डावा हात आडवा धरायचे, चालत्या एस.टी.तून उतरू पाहणाऱ्याला कंडक्टर अडवतो तसा.

जुना कॉम्प्युटर घरी आला की मामांच्या घरात तो थेट सॉकेटला लावायला बंदी होती. एका लाकडी फळीवर होल्डर ठोकलेला, त्यात शंभरचा पिवळा बल्ब. वीज आधी त्या बल्बातून जायची आणि मग मशीनला. बल्ब लख्ख पेटून तसाच राहिला तर आत कुठंतरी शॉर्ट आहे. एकदा भपकन पेटून मंद झाला तर मशीनमध्ये जीव आहे. "भडकला तर काढायचं. लाजला तर लावायचं," मामा म्हणायचे. हा नियम ते माणसांनाही लावत. मी मोर्च्यावरून तापून आले की माझ्याकडं न बघता मामींना सांगत, "हिला आधी पाणी दे. दिवा भडकलाय."

मामा म्हणजे माझ्या आईचे भाऊ नव्हेत. उमरग्याकडच्या एका कॉलेजात ते लॅबमधले परिचर होते, आणि कॉलेजातल्या शिपायाला, परिचराला आपल्याकडं सगळे मामाच म्हणतात. तुमच्याही कॉलेजात असे एक मामा असतील. त्यांचं खरं नाव तुम्हाला आठवतं का, ते बघा एकदा.

मी कॉलेजचं नाव लिहिणार नाही. संस्थेच्या अध्यक्षांचंही नाही. वाचल्यावर त्यांना कळेल, तेवढं मला पुरे आहे. मामा गेले म्हणून लोकांना वाटतं की मी हळवं काहीतरी लिहीन. मी रागानं लिहितेय, हे आधीच सांगून ठेवते.

मामांची आणि माझी ओळख भांडणातून झाली. आमच्या संघटनेचं ऑफिस बसस्टँडमागं एका गाळ्यात होतं. आमची पत्रकं जिथं टाईप व्हायची तो कॉम्प्युटर कुणीतरी दिलेला, म्हातारा. एक दिवस तो उठेना. मी पोरांना म्हणाले, कोपऱ्यावर टाकून द्या. पोरं टाकायला निघाली तर दारात एक पांढऱ्या मिशांचा माणूस सायकल धरून उभा.

"चालत न्हाय म्हंजे काय होतंय?" त्यानं विचारलं.

"चालत नाही म्हणजे चालत नाही. मामा, इथं माणसांची जगायची मारामार आहे आणि तुम्ही डबड्यांचे लाड करताय."

त्यानं खिशातून छोटी वही काढली, काहीतरी लिहिलं, मशीन सायकलच्या कॅरियरला सुतळीनं बांधलं आणि चालत निघून गेला. पोरं हसली. मीही हसले.

पुढं पत्ता काढत त्यांच्याकडं गेले ती एका कामासाठी आणि मग जातच राहिले. दोन खोल्या, वर पत्र्याचं शेड. शेडात मशीनच मशीन. मामा काय काय करायचे ते सांगते. जुन्या बोर्डावर बॅटरी फुटून हिरवं पाणी सांडलेलं असतं, ते तांब्याच्या रेघा खात जातं. मामा ते लिंबाच्या रसानं आणि दाताच्या ब्रशनं साफ करायचे. मामी बाहेरून ओरडायच्या, "आमटीला एक लिंबू न्हाय, आन मशीनला सहा." पिवळं पडलेलं प्लॅस्टिक पांढरं करायला मामा ब्युटी पार्लरमधून केस ब्लीच करायची क्रीम आणत, ती मॉनिटरच्या खोक्याला फासून ते गच्चीवर उन्हात ठेवत. पार्लरवाल्या ताईंनी एकदा विचारलं होतं, "मामा, महिन्याला तीन बाटल्या, केस तरी कुणाचे?" मामा म्हणाले, "हाय एक. लई नटवी हाय."

पण मामांचा खरा माल म्हणजे चिठ्ठ्या.

प्रत्येक मशीनला सुतळीनं एक चिठ्ठी बांधलेली. पोरांच्या जर्नलचे पुठ्ठे कापून केलेली. तिच्यावर चारच ओळी. कुठं होतं. कुणी टाकलं. टाकताना काय म्हणाला. टाकलं तेव्हा चालू होतं का.

चौथी ओळ मामा शेवटी भरायचे. मशीन दुरुस्त होऊन, बल्ब लाजून, पडद्यावर अक्षरं आली की मग. आणि जवळजवळ प्रत्येक चिठ्ठीवर तिथं एकच उत्तर होतं. चालू होतं. एखादी वायर निघालेली असायची, एखादी बॅटरी गेलेली.

मी त्या चिठ्ठ्या कादंबरीसारख्या वाचल्या. हायवेवरच्या ट्रक बुकिंगवाल्याचं म्हणणं, 'आता सगळं मोबाईलवरच.' एका डॉक्टरांचं, 'खुर्चीएवढी जागा अडवतंय.' एका निवृत्त हेडमास्तरांचं, 'पोरं नुसती खेळतात.' खुद्द मामांच्या थोरल्या लेकीच्या नावाची चिठ्ठी होती, ती मामांना दादा म्हणायची, 'दादा, पाहुणे बघायला येणारेत, दारात नको.' एका कीबोर्डावर मामींचं नाव होतं.

"ह्याच्यात झुरळं झाली म्हणून टाकला मी," मामी मला म्हणाल्या. "तर हे उकिरड्यावरनं परत. वर माझं नाव बांधलं. आता मी मेले की माझ्याबी गळ्यात बांधा म्हणावं एक."

"तू टाकून दिलेली न्हाईस," मामा म्हणाले. "तुला कशाला?"

"मामा, हा सूड आहे," मी एकदा म्हणाले. मला ते फार आवडलं होतं.

"सूड कसला? जे बोलले तेच लिव्हलंय. माझा एक शब्द न्हाय त्यात." पण मिशीखाली हसले. होता सूड. मला माणसं कळतात.

शेडाच्या आतल्या भिंतीला सात मशीन ओळीनं होती. ही कॉलेजच्या पहिल्या लॅबची. मामांनी ती वीस वर्षं पुसली होती. नवीन लॅब आली तेव्हा अध्यक्ष दारात उभं राहून म्हणाले होते, 'ही डबडी हायवेवर नेऊन फेका.' मामांनी सातही घरी आणली. सात चिठ्ठ्या, सातांवर तेच वाक्य.

मग एका वर्षी कॉलेजला बाहेरून तपासणी समिती येणार होती. जुन्या वस्तूंचं दालन असलं तर गुण वाढतात, असं अध्यक्षांना कुणीतरी सांगितलं. अध्यक्ष शाल घेऊन मामांच्या घरी आले. मी तिथंच होते.

"मामा, तुमची तपश्चर्या आहे ही. कॉलेजात कायमची खोली देतो. पोरांनी बघितलं पाहिजे."

मामांनी एकच अट घातली. "चिठ्ठ्या काढायच्या न्हाईत."

"चिठ्ठ्या तर शोभा आहेत," अध्यक्ष म्हणाले. त्यांनी वाचल्या नव्हत्या.

ते गेल्यावर मी मामांशी कडाकडा भांडले. देऊ नका म्हणाले. हा माणूस तुम्हाला वापरून घेईल म्हणाले. मामांनी स्क्रूड्रायव्हर पुसून ठेवला.

"माझा हात आता हालतोय, बाई. सोल्डरचा टाका घालताना दिसत न्हाय. लेक पुण्याला, तिचं घर एवढंसं. माझ्यामागं हे कुठं जाणार? भंगारात. तिथं पोरं येतील, बटन दाबतील. चालू ऱ्हातील ती. मला तेवढंच पायजे."

पत्रकात ह्यावर उत्तर नसतं.

समितीच्या दिवशी मी माजी विद्यार्थी म्हणून खुर्चीत बसले होते; मी आर्ट्सची, लॅबकडं कधी फिरकलेच नव्हते. दालनात सात मशीन टेबलांवर मांडलेली. चिठ्ठ्या कापलेल्या. सुतळीची टोकं तेवढी राहिली होती. त्यांच्याजागी चकचकीत पाट्या, 'अध्यक्षांच्या दिवंगत वडिलांच्या संग्रहातून'.

मी उठलेच. मामा पांढरा शर्ट घालून आले होते, कॉलरचं बटन लावून. ते पुढं यायला लागले तर अध्यक्ष हळूच म्हणाले, "तू दाराजवळ थांब रे." मामा दाराजवळ थांबले. माझ्याकडं बघून डावा हात आडवा धरला. मी खाली बसले.

समितीत एक वयस्क मॅडम होत्या. त्यांनी पाटी वाचली आणि विचारलं, "चालतात का ही?"

"चालतात ना, मॅडम. जिवापाड जपलीत."

"मग लावा की."

मामांना बोलावलं गेलं. मामांनी पहिलं मशीन लावलं. ते खरखरलं, टकटकलं, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटायला लागली. इंग्रजी अक्षरांत मराठी. मॅडमनी चष्मा सारखा केला आणि अडखळत मोठ्यानं वाचायला लागल्या.

"कुठं होतं. ह्याच कॉलेजची पहिली लॅब. कुणी टाकलं. अध्यक्ष साहेब. टाकताना काय म्हणाले. ही डबडी हायवेवर नेऊन फेका." त्या थांबल्या. "टाकलं तेव्हा चालू होतं का. चालू होतं."

मॅडम दुसऱ्या टेबलाकडं गेल्या. "हे पण लावा."

मामांनी सातही लावली. मॅडमनी सातही वाचली. सातही वेळा तेच, त्याच आवाजात. अध्यक्षांचा चेहरा पाचव्या मशीनपर्यंत हसरा होता, हे मी लक्षात ठेवलंय. मेल्यावरही विसरणार नाही.

बाहेर आल्यावर मामा म्हणाले, "मशीन उठताना आधी काय करायचं, ते एका बारक्या फाईलीत लिव्हलेलं असतंय. मी तिथंच चिठ्ठी ठिवली हुती. सुतळी कातरीनं कापता येती, बाई. आतलं कसं कापणार?"

मी रस्त्यात उभी राहून हसले. तेव्हा मला वाटलं, जिंकलो.

आठवडाभरात दालनाला कुलूप लागलं. रंगकाम आहे म्हणाले. मामा रोज सायकलवर जायचे आणि गेटवरून परत यायचे. मग अवकाळी पावसानं दोन दिवस झोडपलं. तिसऱ्या दिवशी वॉचमननं मामांना निरोप दिला, त्याचं मात्र देव बरं करो. आम्ही गेलो तर कँटीनच्या मागं, उघड्यावर, सात मशीनचा ढीग. पावसात भिजलेला आणि वर हातोड्यानं फोडलेला. भिजलेलं मामांनी उन्हात वाळवून उठवलं असतं, हे अध्यक्षांनाही माहीत असावं. म्हणून फोडलेला.

मामा ढिगापाशी उकिडवे बसले. कीबोर्डाची एक कळ उचलली, शर्टाला पुसली, खिशात टाकली. मी अध्यक्षांच्या केबिनकडं निघाले होते.

"कुठं चाललीस?"

"विचारायला."

"काय म्हणाले तेवढं लिव्हून आण. हाणामारी करू नको."

केबिनमध्ये अध्यक्ष म्हणाले, "जागा लागत होती." मी लिहून आणलं. मामांनी घरी बसून सात नव्या चिठ्ठ्या केल्या. बांधायला मशीन नव्हती. त्यांनी त्या रबरबँड लावून ठेवून दिल्या.

त्यानंतर मामा चार महिने राहिले. दम्यानं गेले. अध्यक्षांनी मारलं असं मी म्हणत नाही. तुम्ही काय म्हणायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. अध्यक्षांनी हार पाठवला होता, तो मामींनी गेटच्या बाहेर म्हशीपुढं टाकला.

पंधरा दिवसांनी मामींनी मला बोलावलं. "तुझं एक ठिवलंय त्यांनी. घिऊन जा."

जुन्या लुगड्याखाली आमच्या ऑफिसचं मशीन होतं. तेच, म्हातारं. पांढरंशुभ्र केलेलं. शेजारी प्रिंटर, त्याची रिबन शिक्क्याच्या शाईनं परत ओली केलेली. मशीनला सुतळीनं चिठ्ठी. कुठं होतं, बसस्टँडमागचा गाळा. कुणी टाकलं, आणि पुढं माझं नाव, आडनावासकट. टाकताना काय म्हणाली. 'इथं माणसांची जगायची मारामार आहे आणि तुम्ही डबड्यांचे लाड करताय.' टाकलं तेव्हा चालू होतं का, चालू होतं.

डबडी. अध्यक्षांचा आणि माझा शब्द एकच होता. इतकी वर्षं मी त्या घरात चहा पीत होते आणि ही चिठ्ठी लुगड्याखाली होती. मामांनी मला एका शब्दानं कधी टोचलं नाही. लिहिलेलं मात्र खोडलंही नाही.

"वाईट वाटून घिऊ नको," मामी म्हणाल्या. "माझीबी हाय की."

मला वाईट वाटलं. आणि मग राग आला, आधी माझा आणि नंतर पुन्हा अध्यक्षांचा, आधीपेक्षा जास्त.

मशीन मी ऑफिसात आणलं. मधे बल्बाची फळी लावली. बल्ब भपकन पेटला आणि मंद झाला. आमची जुनी पत्रकं आत होती तशी होती. मी नवीन पान उघडलं आणि पत्रक टाईप केलं. सगळ्यात वर माझी चिठ्ठी घातली, चारही ओळी, नावासकट. त्याशिवाय पुढच्या छापायला हात धजेना. मग रबरबँडमधल्या त्या सात. प्रिंटर दिवसभर किंचाळत होता, शेजारचा झेरॉक्सवाला दोनदा बघून गेला.

कॉलेजच्या प्रवेशाच्या दिवशी आम्ही ती पत्रकं गेटवर वाटली. पोरांनी घेतली, त्यांच्या बापांनी उभ्या उभ्या वाचली. वॉचमननं एक घेऊन चौकीत खिळ्याला लावलं. एक प्रत मी स्वतः केबिनमध्ये नेऊन अध्यक्षांच्या टेबलावर ठेवली, कारण पत्रकाच्या तळाशी एक चिठ्ठी मामांच्या हातची नव्हती. ती मी लिहिली होती.

कुठं होते: कॉलेजची लॅब. कुणी टाकलं: अध्यक्ष साहेब. टाकताना काय म्हणाले: 'तू दाराजवळ थांब रे.' टाकलं तेव्हा चालू होते का: चालू होते.