चार दारांची खोली

रखमाला दसऱ्यानंतरच्या पहिल्याच सोमवारी, पाढ्यांच्या वेळी, शाळेच्या पायरीवरून उठवून अंगणातल्या लिंबाखाली बसवलं. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढचं वाचताना तुम्हांला हसू येईल आणि हसता हसता मूळ गोष्ट तुम्ही विसराल. रखमा महारवाड्यातली, वय आठ, दुसरीत. शाळेच्या आत ती कधी नव्हतीच. पायरीवर बसून दारातून फळा जेवढा दिसेल तेवढंच शिकायची. पहिली-दुसरीची मुलं वाढली, त्यांना पायरीही लागू लागली, तेव्हा तिची रवानगी लिंबाखाली झाली. तिथून फळा दिसत नाही. शाळा समितीच्या अध्यक्षांना विचारलं, तर उत्तर आलं, "जागा नाही." या उत्तराचा अर्थ तुम्हांला कळतो, मला कळतो, अध्यक्षांना तर कळतोच. उभ्या मध्यप्रांतात एकच माणूस असा होता की ज्याला तो कळला नाही. तो माणूस म्हणजे आमच्या ताईचे सासरे.

ताई त्यांना मामाजी म्हणायची, म्हणून मीही मामाजीच म्हणू लागलो, आणि पुढं पुढं सारं गावच म्हणायला लागलं. उमरेडच्या वाटेवरचं ते लहानसं गाव. गावची मालगुजारी सोळा आण्यांची धरली तर त्यातले आठ आणे अध्यक्षांचे, आणि मामाजींचे दोन. पण मामाजींचं खरं वैशिष्ट्य जमिनीत नव्हतं. जगात सबब नावाची एक चीज असते, हे त्यांना जन्मभर कोणी पटवून देऊ शकलं नाही. माणूस अडचण सांगतो म्हणजे त्याला अडचण आहे, आणि अडचण आहे म्हणजे ती दूर केली पाहिजे, एवढा सरळ त्यांचा हिशेब. एकदा ताईच्या डोहाळजेवणाला जायचा आमच्या बाबांना कंटाळा आला. त्यांनी गुडघे धरल्याचं कळवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरासमोर बैलांची दमणी उभी. आत कापसाची गादी, आणि गादीशेजारी करंजाचं तेल घेऊन एक आडदांड गडी. बाबांना धडधाकट गुडघ्यांनिशी उचलून आडवं केलं आणि गाव येईपर्यंत तो गडी ते रगडत राहिला. उतरले तेव्हा बाबा खरोखरच लंगडत होते. "पाहा," मामाजी ताईला म्हणाले, "किती दुखून राहिले बिचाऱ्याचे! बरं झालं गाडी धाडली."

मीही या तडाख्यातून सुटलो नाही. गावात आणखी दोन दिवस राहा असा त्यांचा आग्रह, आणि मला सीताबर्डीच्या सभेला जायचं होतं. सभेचं सांगितलं असतं तर "आमच्याच गावात सभा घे ना गा" म्हणाले असते, म्हणून मी म्हटलं, "छापखान्यात माझ्या पत्रकाची प्रुफं पडली आहेत." सकाळी उठून पाहतो तर ओसरीवर छापखान्याचा जुळारी पोहे खात बसलेला. मांडीवर प्रुफं, बाजूला दौत. मामाजींनी आदल्या रात्रीच गाडी जुंपून त्याला उचलून आणला होता. "घे गा, तपास," ते म्हणाले. "आता मोकळा झाला. आठ दिवस राहतोस ना?" या साऱ्याचा परिणाम असा झाला की त्या गावात कोणी कोणाला सबब सांगेनासं झालं. जायचं नसेल तर लोक तोंडावर "येत नाही" म्हणून मोकळे होत. ताईचं सासर परक्याला जरा उद्धट वाटतं ते त्यामुळंच.

तर अध्यक्ष म्हणाले, जागा नाही. मी तेव्हा गावातच होतो. माझं रक्त उसळलं. दुपारभर बसून मी एक जळजळीत पत्रक लिहिलं आणि मामाजींना वाचून दाखवलं. त्यांनी डोळे मिटून सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि विचारलं, "लिवलं मस्त. पण यात जागा कुठंशी हाय?"

"मामाजी, जागेचा प्रश्नच नाही! अध्यक्ष खोटं बोलतात!"

"काहून खोटं गा? एक खोली, अन् पोट्टे तं मुंग्यावानी. तो म्हणते ते खरंच हाय. जागा नाही. मंग जागा करा लागते." आणि ते उठून जोडे घालू लागले. शाळेला दुसरी खोली बांधायची, हे त्यांनी ओसरीवरून उतरता उतरता ठरवलं.

खोली सरकारी शाळेची, तेव्हा जिल्हा बोर्डाची मंजुरी हवी. मामाजी शिदोरी बांधून नागपूरला गेले. कारकून म्हणाला, "साहेब दौऱ्यावर आहेत." हे वाक्य ऐकून आजवर हजारो माणसं घरी परत गेली असतील. मामाजी साहेबांच्या मागं दौऱ्यावर गेले. कुठल्याशा आमराईत साहेबांचा तंबू पडला होता, तिथं ते दारात बसून राहिले. साहेब पुढच्या मुक्कामाला निघाले तर यांची दमणी त्यांच्या मागं. तिसऱ्या मुक्कामी साहेबांनी हात टेकले. नकाशा मंजूर: एक दार, तीन खिडक्या. मजुरी बोर्ड देईल, सामान गावानं द्यावं.

आणि इथं खरी गंमत सुरू झाली. आमच्याकडं बांधकामात चौकटीचा मान मोठा. चौकट उभी करताना तिला हळदकुंकू लावतात, आंब्याची पानं बांधतात, नारळ फोडतात, आणि जो चौकट देतो त्याच्या खांद्यावर चारचौघांत शेला पडतो. त्यामुळं मामाजी ज्या ज्या घरी गेले त्या त्या घरानं चौकट कबूल केली. अध्यक्षांनी सागवानी चौकट दिली. खालच्या पुऱ्यातल्या, म्हणजे खालच्या आळीतल्या, लोकांचं अध्यक्षांशी कैक वर्षांचं वाकडं. त्यांनी तिच्याहून वीतभर उंच चौकट दिली. बाजारातल्या तेल्यानं नक्षीची दिली. पायाला एक दगड मिळेना, छपराला एक कवेलू मिळेना, आणि मामाजींच्या अंगणात चौकटींची रांग. ताई म्हणाली, "मामाजी, एखाद्याला नाही म्हणा ना. सांगा, चौकट झाली, आता दगड द्या."

"कसं म्हणू वं? हौसेनं देऊन राहिले."

"मग दगड का देत नाहीत?"

"तं दगड जमिनीत जाते. कोणं दिला ते कोणाले दिसत नाही. त्यायची अडचण बरोबर हाय."

अडचण बरोबर, म्हणजे ती दूर करायची. मामाजी महारवाड्यात गेले. रखमाचा बाप सनई वाजवायचा. गावातल्या प्रत्येक लग्नात त्याची सनई पुढं आणि तो स्वतः मांडवाबाहेर. त्याला त्यांनी दगडांच्या वरातीची सुपारी दिली. मी कल्पनाविलास करत नाही, ती वरात मी पाहिली आहे. पुढं सनई आणि डफडी, मागं बैलगाडीवर एकच दगड, त्याला गुलाल लावलेला, आणि दगडाशेजारी तो देणारा माणूस फेटा बांधून नवरदेवासारखा बसलेला. सबंध गावातून मिरवून मग तो दगड पायाच्या चरात जायचा. दोन दिवसांत दगडांची अशी झुंबड उडाली की रखमाच्या बापाचे गाल सुजले. कवेलूंचीही तशीच वरात निघाली. अध्यक्षांच्या घरून दुसऱ्यांदा दगड आला तेव्हा मामाजींना सांगावं लागलं, "पुरे गा आता, शाळा बांधाची हाय, किल्ला नाही."

शेवटच्या वरातीनंतर रखमाचा बाप सनई पुसत मामाजींच्या अंगणाच्या कडेला उभा राहिला. म्हणाला, "मामाजी, आमच्या वस्तीची बी एक चौकट घ्या. सागाची नाही, बाभळीची हाय." मामाजींनी त्याच्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "बाभूळ तं लई दणकट. घेतो ना, आण." आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या खांद्यावर शेला घातला, जसा अध्यक्षांच्या घातला तसाच. अध्यक्ष तावातावानं आले. "मामाजी, त्यायच्या दारातून आमचे पोट्टे जातीन काय?"

"तुले कोन म्हणते त्या दारातून जा? तुह्यं दार तुले, त्यायचं दार त्यायले."

हे अध्यक्षांना पटलं. खालच्या पुऱ्यालाही पटलं, कारण अध्यक्षांच्या दारातून आत जायला त्यांचाही जीव जात होता. अशा रीतीनं त्या एवढ्याशा खोलीला चार दारं लागली, समोर दोन आणि बाजूंना एकेक. बोर्डाचा ओव्हरसीयर पाहायला आला तो डोकं धरूनच बसला. "नकाशात दार एक आहे हो! आणि खिडक्या तीन!"

"बरोबर," मामाजी म्हणाले. "त्या खिडक्याच हायेत. पोट्टे ठेंगणे, त्यायले बाहीरचं दिसावं म्हणून जमिनीपावतर आणल्या." ओव्हरसीयरनं जरा वेळ विचार केला, पुढ्यातली कोथिंबिरीची सांबारवडी संपवली, आणि तीन खिडक्या बरोबर असल्याचं लिहून दिलं.

गुढीपाडव्याच्या सकाळी पाटीपूजनानं खोली उघडली. गाव लोटला होता. मुलं आपापल्या दारांनी आत शिरली: सागवानी, उंच आणि नक्षीच्या. बाभळीच्या दारात एकटी रखमा होती. आई-बाप दारादारांतून समाधानानं डोकावत होते. आणि मग अध्यक्षांचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

"मामाजी," ते म्हणाले, "आत तं एकच खोली हाय!"

"मंग? तुह्या घराले मागचं दार हाय, पुढचं दार हाय. तं काय दोन घरं झाले?"

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. अध्यक्ष हसले नाहीत. त्यांनी मास्तरांकडं पाहिलं. मास्तर बिचारे पोटार्थी. ते पुढं झाले आणि बाभळीच्या दारात थबकलेल्या रखमाकडं न पाहता म्हणाले, "टाटपट्टी पुरत नाही. तिला बसायला पट्टी नाही. मिळेपर्यंत तिनं लिंबाखालीच..."

मला वाटलं, संपलं. सहा महिन्यांची खटपट एका टाटपट्टीवर बुडाली. मी तोंड उघडलं होतं, पण मामाजींनी डोक्याला हात घातला होता. त्यांनी फेटा सोडायला सुरुवात केली. आमच्याकडं म्हातारा माणूस चारचौघांत उघड्या डोक्यानं उभा राहत नाही. घरातला मुडदा उचलल्याशिवाय तसं कोणी करत नाही. ताईनं डोळे मिटून घेतले. मामाजींनी तो गुलाबी फेटा पीळ काढत काढत खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत अंथरला, वाकून सुरकुत्या सारख्या केल्या, आणि टक्कल पुसत म्हणाले, "घ्या मास्तर. पट्टी."

रखमा जागची हलेना. "मामाजी, फेट्याले पाय कसा लावू?"

"पाय काहून लावतं वं? बसाचं हाय. बस."

ती बसली, अगदी कडेला, अंग चोरून. मग अध्यक्षांची नात टाटपट्टीवरच्या दाटीतून उठली आणि सरळ रखमाला खेटून फेट्यावर जाऊन बसली. अध्यक्ष ओरडले, "चंद्रे! उठ तिथून!" चंद्रीनं मान वळवली नाही. म्हणाली, "आजा, इथून फळा दिसते."

मास्तरांनी खडू उचलला. मामाजी खांद्यावरचा दुपट्टा डोक्याला गुंडाळून घरी गेले. तो फेटा त्यांनी परत मागितला नाही, आणि गावात तो परत देण्याचं धैर्यही कोणाला झालं नाही.

हे सगळं त्यांनी ठरवून केलं की खरोखरच भाबडेपणानं झालं, हे मला आजवर उमगलेलं नाही. ताई म्हणते, ते भोळेच होते. मी एकदा त्यांना सरळच विचारलं, "चार दारं तुम्ही मुद्दाम घेतलीत ना?" ते विडा लावत होते. चुना बोटानं सारखा करत म्हणाले, "हवा चांगली येते गा." पुढं विचारायचं मी टाळलं. अशा माणसाला उत्तर कबूल करायला लावणं मला बरं वाटेना.

गेल्या थंडीत मामाजी गेले. शांतपणे गेले, ओसरीवर, उन्हात. आणि महिना उलटायच्या आत गावात बोलणं निघालं की खोलीत गोंगाट फार होतो, मधून एक आडभिंत घालावी. भिंतीच्या कोणत्या बाजूला कोणाला बसवणार, ते मी सांगायला नको. तेव्हापासून ताई रोज दुपारी सुपात तांदूळ घेऊन त्या खोलीच्या बरोबर मध्यावर निवडत बसते. भिंत घालायला येतील त्यांना आधी तिला उठवावं लागेल. रखमा चौथीत आहे. मोठ्यानं वाचते, आणि वाचताना ताईकडं पाहते.

ताई आता तिथं एकटी बसते, म्हणून हे लिहिलं. तुम्ही हे वाचता आहात, त्याअर्थी तुम्हांला कोणीतरी कधीतरी शाळेत आत बसवलं होतं. मग उद्या सकाळी तुमच्या गावच्या शाळेत जा. बाहेर कोण बसलं आहे ते पाहा, त्याच्याजवळ जाऊन त्याचं नाव विचारा, आणि ते मूल आत बसेपर्यंत घरी जेवायला जाऊ नका.