रोवते बाई, ठरवते बाप्या

मंडळी, आज दिघोरीले माहेरी भावाशी भांडून आली. डोकं अजून तापून आहे.

वहिनी एवढंच म्हणाली, "यंदा शेतातल्या एका बांधीत उंच धान लावा. बैलांच्या चाऱ्याले तणीस होईल."

भाऊ खेकसला, "तुले काय समजते? चूल पाह्य!"

ऐंशीच्या दशकात बाबांनी आईले हेच ऐकवलं होतं. साऱ्या बांध्यांत ठेंगणा धान लावला. घर धानानं भरलं, पण ठेंगण्या धानाची थोडीशी तणीस उन्हाळ्याआधीच संपली. बैलजोडी विकावी लागली. आई मात्र मान खाली घालून रिकामा गोठा रोज झाडत राहिली.

मी भावाले विचारलं, "रोवण्याले दिवसभर चिखलात वाकते कोण रे?"

वहिनीनं मान खाली घातली, अगदी आईसारखी.

यंदा कोणता धान लावायचा, हे तुमच्या घरच्या बाईले कधी विचारलं काय?