डोंगरातला तांबडा पट्टा

आखणीच्या खुंट्या उपटून कुणीतरी रस्त्याकडेला ढीग घातला होता. भूकंपानंतर सगळं गाव पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतं. नवीन घरांसाठी अहमदपूरच्या बाजूच्या या डोंगराचा पायथा ठरला होता. जागा मुरमाड, कडक. पण गावाला ती नको होती.

मी सरकारी खात्यात जिऑलॉजिस्ट होते. लातूरहून निघताना साहेब म्हणाले, "मॅडम, एका ओळीचा रिपोर्ट द्या. ज्वालामुखी नाही. विषय संपला."

सरपंचांनी मला डोंगर दाखवला. "बगा की. वर निमुळता, खाली रुंद. आमची पोरगी लातूरला क्लासला हाय. सरांनी फळ्यावर ज्वालामुखी काढला, तो सेम असाच. आधी जमीन हालती, मग डोंगर फुटतो."

"मग घरं कुठं बांधणार?"

"नाल्याकडच्या रानात."

तिथं खोल काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, पाया धरत नाही. एका भूकंपातून वाचलेली माणसं नेमकी तिथं राहायला निघाली होती.

"घाबरण्यासारखं काही नाही," मी सुरुवात केली. यशोदाबाईंनी तिथंच तोडलं. भिंत पडून त्यांची सून गेली होती. नातू त्यांच्या कडेवर होता.

"आदी बी तुमचे लोक आसंच म्हनले व्हते. हितला दगड लई पक्का, भूकंप व्हत न्हाई. मग माजी सून कशानं गेली?"

आमच्या पुस्तकांतही तसंच लिहिलेलं होतं.

"चला डोंगरावर," मी म्हटलं. "माझं ऐकू नका. स्वतः बघा."

दहा-बाराजण निघाले. यशोदाबाईसुद्धा, नातवाला शेजारणीकडे देऊन. अर्ध्यावर, ओघळीनं डोंगर कापलेला होता तिथं, मी थांबले.

"तव्यावर पातळ पीठ ओतलं की पसरतं. पातळ लाव्हाही लांब पसरतो. थरावर थर बसून उपड्या ढालीसारखा बसका, अफाट रुंद डोंगर होतो. फळ्यावरचा टोकदार डोंगर वेगळा. तिथं उडालेले खडे नि राख तोंडाभोवतीच पडतात. खळ्यावरच्या राशीसारखी. राशीचे थर कसे असतात?"

"उतरते," सरपंच म्हणाले.

"आणि हे?"

काळ्या दगडात हातभर रुंदीचा तांबडा पट्टा होता. एक थर थंड झाला, त्यावर माती झाली, पुढच्या लाव्ह्यानं ती भाजली; तो हा पट्टा. अगदी आडवा. आपल्याकडे लाव्हा लांबलांब भेगांतून आला आणि मैदानासारखा पसरला, असं मी सांगत होते. यशोदाबाईंचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. त्या दरीपलीकडे बघत होत्या.

"त्या डोंगरात बी हाय की पट्टा. एवढ्याच उंचीवर."

सगळे वळले.

"म्हंजे हे एकच व्हतं," त्या म्हणाल्या. "मदलं गेलं."

"हो. मधलं पाण्यानं कापून नेलं. हा डोंगर उरलेला आहे, वर आलेला नाही."

"म्हंजे आत फुटायला काय न्हाईच?" सरपंच.

"काही नाही. कधीच थंड झालंय."

"आन भूकंप?" यशोदाबाई. "त्यो परत यील?"

"येऊ शकतो. कधी, ते कुणालाच सांगता येत नाही. म्हणून दगडमातीच्या जाड भिंती नकोत, छत हलकं पाहिजे."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "मग ह्ये खालीच बोलायचं की, बाई. उगं दुखऱ्या गुडघ्यांनी वर चढवलं."

सरपंचसुद्धा हसले. उतरताना कुणी नाल्याचं नाव काढलं नाही.

साहेबांना रिपोर्ट आवडला नाही. "भूकंप येऊ शकतो, हे कशाला? कुणी विचारलं होतं?"

"विचारलं होतं, साहेब."

त्यांनी कपाळाला आठ्या घालून सही केली. गाव पायथ्यालाच वसलं, बुटक्या घरांचं, हलक्या छपरांचं. पुढे नोकरीत धीर द्यायची वेळ अनेकदा आली. त्या दिवसापासून मी क्रम उलटा केला: आपल्याला काय माहीत नाही ते आधी सांगायचं. उरलेल्यावर लोक मग विश्वास ठेवतात.