गुढियारीतलं जहाज

बाजारातली सर्वांत स्वस्त वस्तू शोधून घरी आणायची आणि मग ती स्वस्त निघाली म्हणून जन्मभर तिच्यावर संतापायचं, यातच माणसाचं सुख आहे असं जर कुठल्या शास्त्रात लिहिलं असेल, तर आमच्या भाऊजींइतका सुखी माणूस अख्ख्या छत्तीसगडात दुसरा नसेल. रायपूर राजधानी झाल्यापासून इथं चारी दिशांनी माणसं आली, साहेब आले, ठेकेदार आले, पण चिडण्याच्या बाबतीत भाऊजींच्या तोडीचा त्यांतही कुणी निघाला नाही. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. रायपूरजवळच्या उरला या कारखान्यांच्या वस्तीत, एका रोलिंग मिलच्या स्टोअरमध्ये त्यांनी सगळी नोकरी काढली. बाहेरून आलेला माल तपासायचा आणि वाईट असेल तर परत पाठवायचा, हे त्यांचं काम. ट्रक फाटकात शिरला की ड्रायव्हर आधी भाऊजींचा चेहरा बघत आणि इंजिन बंद करायचं की नाही ते त्यावरून ठरवत. मिलमध्ये हे शोभून दिसायचं. पण संध्याकाळी तो चेहरा ते तसाच घरी घेऊन येत. दूध रिजेक्ट, झाडू रिजेक्ट, एका भाच्याच्या मुंजीची पत्रिकासुद्धा रिजेक्ट, कारण तिच्यावरच्या गणपतीची सोंड नेमकी घडीवर आली होती.

ताईला बघायला ते आमच्या बूढापाऱ्यातल्या घरी आले तेव्हा मी शाळेत जाणारी पोर होते आणि दाराआडून सगळं बघत होते. बाबा त्यांना पगार, गाव, भावंडं असं रीतीप्रमाणे विचारत होते आणि भाऊजी बसल्या जागी डावी-उजवीकडे डुलत होते. आम्हाला वाटलं, स्वभाव असेल. मग पोह्यांची बशी बाजूला ठेवून ते उठले, बसलेली खुर्ची उलटी केली आणि बाबांना म्हणाले, पेचकस आहे का, एक स्क्रू ढिला आहे. बाबांचा चेहरा मला अजून आठवतो. पेचकस आणून दिला तो ताईनं, कुणी सांगायच्या आत. पाहुणे गेल्यावर बाबा म्हणाले, "पोट्टी पास झाली, खुर्ची नापास. आता दोन्ही त्यांच्याच घरी पाठवा."

अशा माणसाबरोबर ताईनं संसार कसा केला हे मी तिला अनेकदा विचारलं. तिची रीत साधी होती. त्यांना बोलू द्यायचं. नवा पंखा आणला की भाऊजी त्याच्या पात्यांवर, पेटीवर, दुकानदारावर आणि दुकानदाराच्या बापावर बोलत, आणि ताई तांदूळ निवडत ऐके. सगळं संपलं की विचारी, "झालं? मग लावा आता." आणि पंखा लागे. राजधानीचे रस्ते रुंद होऊ लागले तसा भाऊजींना नवा उद्योग मिळाला. भर उन्हात ते फुटपाथवर टाइल बसवणाऱ्या मजुरांच्या डोक्यावर जाऊन उभे राहत. "भैया, ये कोना देखो, उठ गया है." मजूर "हव बाबूजी" म्हणत आणि कोना तसाच ठेवत. घरी येऊन भाऊजी ताईला सुनावत, "चार टाइला सरळ बसत नाही अन् म्हणे राजधानी." जणू वेगळं राज्य ताईनंच मागितलं होतं.

मागच्या उन्हाळ्यात ताई गेली. आजारपण लांबलं नाही हे त्यातलं बरं, असं लोक म्हणतात. मला तेही बरं वाटलं नाही. शेवटचा आठवडाभर मी परीक्षेच्या कामावर जगदलपूरला होते आणि दवाखान्यात पोचले तेव्हा ती बोलत नव्हती.

पहिल्या मासिक श्राद्धाच्या दिवशी मी सकाळपासून गुढियारीला त्यांच्या घरी वड्यांची डाळ वाटत बसले होते. भाऊजींना तीळ, जव, दर्भ आणि पत्रावळी आणायला पाठवलं होतं. गुरुजी येऊन बसले. भाऊजी आले ते एका हातात पत्रावळींचा गठ्ठा आणि दुसऱ्या काखेत एक लांबडा खोका घेऊन. खोक्यावर तीन डोलकाठ्यांच्या, फुगलेल्या शिडांच्या जहाजाचं चित्र. कसल्याशा प्रदर्शनाच्या मैदानावर सेल लागला होता, तिथून आणलं होतं. लाकडी जहाज, घरी जोडायचं. एक कोपरा चेपला होता म्हणून आणखी स्वस्त.

मी विचारलं, "हे काय आहे?"

"जहाज."

"काहून पण? आज?"

"स्वस्त होतं," भाऊजी म्हणाले, आणि पाय धुवायला गेले.

मी त्या दिवशी काही बोलले नाही, कारण गुरुजी समोर होते. पण जेवणही केलं नाही. ज्या बाईनं या माणसाची सगळी बडबड आयुष्यभर निमूट ऐकली, तिच्या पिंडासाठी आणलेल्या तिळांच्या शेजारी खेळणं ठेवायचं? या माणसाच्या डोळ्यांतून मी अजून पाण्याचा थेंब पाहिला नव्हता. स्मशानातसुद्धा ते लाकडं ओली आहेत म्हणून तिथल्या माणसाशी भांडले होते. मी भाच्याला, ताईच्या मुलाला, बंगलोरला फोन केला. तो म्हणाला, "मौसी, पापा बिझी हैं ना, अच्छा ही है." त्याच्याशी पुढं बोलण्यात अर्थ नव्हता.

मी बूढापाऱ्यातून रोज संध्याकाळी स्कूटरवर भाऊजींना डबा पोचवायला जात होते, त्यामुळे पुढचा सगळा अनाचार माझ्या डोळ्यांदेखत झाला. जेवणाच्या टेबलावरून जेवण हद्दपार झालं. खोक्यातून पातळ लाकडी पट्ट्यांची जुडी, प्लायवुडच्या फासळ्या, दोऱ्याची रिळं, शिडांचं कापड आणि इंग्रजीसारख्या दिसणाऱ्या एका भाषेतला सूचनांचा कागद निघाला. पट्ट्या वाकड्या, फासळ्यांच्या खाचा चुकीच्या, खिळे डोक्याविना. भाऊजींना इतकं प्रसन्न मी कधी पाहिलं नव्हतं. एकेक पट्टी डोळ्याशी धरून ते तिची लायकी काढत. लाकूड वाकवण्यासाठी भिजवायला लागे, तर ते ताईच्या चहाच्या पातेल्यात. दाबून ठेवायला चिमटे लागत, तर ते वाळत घातलेल्या कपड्यांचे. एकदा त्यांचा सदरा उडून शेजारच्या दीदींच्या गच्चीवर गेला तरी यांना पत्ता नाही. आणि खिळे ठेवायला त्यांनी काय घ्यावं? ताईचा मसाल्याचा डबा. हळदीच्या वाटीत हळद होती, तिच्यातच खिळे. बारीक पिवळे खिळे पिवळ्या बोटांनी उचलून ते ठोकत बसत. तो डबा पाहून मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून थोडा वेळ तिथंच उभी राहिले.

येणाऱ्या-जाणाऱ्यानं सांत्वन करावं म्हणून यावं, तर तो जहाज बघत बसे. सगळ्यांचा प्रश्न एकच, पाण्यात चालते का? बूढा तलावात सोडून पाहा, असं तर किती जणांनी सुचवलं. भाऊजी म्हणत, विमानाच्या फोटोत बसून दिल्लीला जाता का तुम्ही? नागपूरहून आलेल्या आमच्या आत्या घराबाहेर पडताना मला हळूच म्हणाल्या, "दुःख नाही हो याले. मोकळा झाला." ते वाक्य मी घरी घेऊन आले आणि कितीतरी दिवस त्याच्याशीच बोलत राहिले. शेवटी ठरवलं की आता सांगायचंच. डबा पोचवणार नाही, येणार नाही, आपलं नातं जिच्यामुळे होतं ती गेली, तुम्ही आणि तुमचं जहाज सुखात राहा. मी वाक्यं जुळवून तयार ठेवली होती. आयुष्यभर मुलांना निबंध शिकवले, त्यामुळे सुरुवात, मध्य आणि शेवट असं सगळं होतं.

गेले, तर भाऊजी दोन्ही हातांनी जहाजाच्या पुढच्या टोकाला गच्च धरून उभे. तिथं पट्टीला वळण आणि पीळ दोन्ही द्यावे लागतात, चिमटा घसरतो, हातानंच दाबून ठेवावं लागतं, आणि पलीकडची बाजू त्याच वेळी दुसऱ्या कुणीतरी दाबावी लागते. मी तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, "आलीस? ते टोक धर, मॅडम. अंगठा तिथं. हलू नको."

हातात डबा होता तो खाली ठेवला आणि धरलं. रागातही माणूस सांगितलेलं करतो, याची मला फार चीड आली. गोंद सुकेपर्यंत हलायचं नाही. टेबलाच्या अलीकडे मी, पलीकडे ते, मध्ये उघड्या फासळ्यांचं ते जहाज. मी माझा निबंध मनात सुरुवातीपासून लावत होते, एवढ्यात भाऊजी लाकडाकडे बघतच बोलायला लागले.

"बुधवारी ती म्हणून राहिली होती, घरी घेऊन चला मले. मी म्हटलं, रिपोर्ट येऊ दे."

पट्टी सुटू पाहत होती, मी अंगठा आणखी दाबला.

"रिपोर्टाशिवाय माल हलवला नाही मी कधी. सवय." त्यांनी श्वास घेतला. "रिपोर्ट शुक्रवारी आला."

ताई गुरुवारी गेली होती.

त्यांचा आवाज चढला नाही, पडलाही नाही. पिवळे अंगठे पट्टीवर तसेच दाबलेले होते. मला उठून जाता येत नव्हतं, त्यांनाही नाही. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून दोघांनीही पुसले नाहीत. मग त्यांनी पट्टीवर नख वाजवून पाहिलं, "बसली," म्हणाले, आणि मोरीत जाऊन बराच वेळ हात धूत राहिले. माझा निबंध मी परत घरी आणला. तो पुढं कधी वाचला गेला नाही.

त्यानंतर मी डबा थोडा लवकर पोचवायला लागले. भाऊजींचा नियम माझ्या लक्षात आला होता. एरवी ते ताईचं नावही काढत नसत. महागाईवर, मुख्यमंत्र्यांच्या बंगल्यासमोरच्या खड्ड्यावर, माझ्या पोळ्यांच्या कडांवर बोलत. पण गोंद लावून दोघांचे हात पट्टीवर टेकले, की ते ताईबद्दल बोलत. शेवटच्या आठवड्यात ती काय काय म्हणाली, कुणाची आठवण काढली, माझ्या परीक्षेच्या कामाची तिला कशी काळजी होती, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. ते सगळं मला या जहाजाच्या कडेला उभं राहून मिळालं. मग ते मागं मागं जात गेले, मुलाच्या जन्मापर्यंत, लग्नापर्यंत. माझी सख्खी बहीण, पण निम्मी मला ठाऊकच नव्हती. ती मिलच्या मॅनेजरच्या बायकोची हुबेहूब नक्कल करायची, हे मला कुठं माहीत होतं?

मात्र गोंद सुकला की सांगणं बंद. वाक्य अर्धं राहिलं तरी अर्धंच. नख वाजवायचं, "बसली," म्हणायचं आणि उठायचं. दुसऱ्या दिवशी नवी पट्टी, नवी गोष्ट, कालचं विचारलं तर म्हणत, "झालं ना ते." इतका दुष्टपणा मी कुठल्या लेखकातही पाहिलेला नाही.

परवा शेवटची पट्टी लागली. जहाजाचं अंग आता पूर्ण झाकलं होतं, एकही फासळी दिसत नव्हती. भाऊजी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातली गोष्ट सांगत होते. याच गुढियारीत, मालधक्क्यामागं भाड्याची खोली, आणि एका सुताराकडे करायला टाकलेलं कपाट. भाऊजींनी ते कपाट तीनदा परत पाठवलं. चौथ्यांदा सुतार कपाट ठेल्यावर घालून स्वतः आला, ते नेमके ड्युटीवर होते, आणि तो रस्त्यात उभा राहून पाऱ्यातल्या सगळ्या घरांना ऐकू जाईल असा ओरडायला लागला.

"तुझी ताई बाहेर आली. वीस वर्षांची पोट्टी ती. त्याले म्हणाली, आधी बसा. पाणी दिलं, चहा दिला. तो चहा पिऊन राहिला होता, अन् मग तुझी ताई त्याले म्हणते कशी..."

आणि त्यांनी नख वाजवलं.

"बसली," ते म्हणाले. दिव्याखाली जहाज फिरवून सगळीकडून पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना नाव ठेवायला काही सापडत नव्हतं, आणि त्यामुळे ते थोडे हरवल्यासारखे दिसत होते. मग हात पुसत म्हणाले, "आता राहिल्या काठ्या अन् दोरे. ते एकट्याचं काम आहे. तुले रोज काहून त्रास? डबेवाला लावून घेतो मी."

मी जहाजाकडे पाहिलं. मला लाकडातलं काही कळत नाही. पट्ट्या एकीला एक लागून, केळीच्या पानाच्या शिरांसारख्या, सुरेख बसल्या होत्या.

मी म्हटलं, "ही पट्टी वर आलीय."

"कुठं?"

"ही काय. इथं टोकाशी. उचललीय."

भाऊजींनी चष्मा लावला. मी दाखवलेल्या जागेवरून अंगठा फिरवला, मग परत फिरवला. ज्या माणसानं जन्मभर ट्रकचे ट्रक माघारी पाठवले, त्याला माझं खोटं कळलं नसेल असं मी म्हणणार नाही.

"हव," ते म्हणाले. "उचललीच आहे. काढा लागते."

त्यांनी पातेल्यात पाणी तापत ठेवलं, त्यात फडकं बुडवलं आणि पिळून पट्टीवर घातलं. गोंद मऊ झाल्यावर पट्टी निघाली, तिची कड पुसली, नवा गोंद लागला. मी माझ्या जागी जाऊन उभी राहिले आणि अंगठा टेकवला. पलीकडून त्यांनीही टेकवला.

"हं," मी म्हटलं. "मग ताई सुताराला काय म्हणाली?"