कापडाच्या मागून पाहिलेली खानावळ

सन १९४१, होळीच्या आधीचा शनिवार. मुक्काम शहापूर, बाजाराच्या मागचं मोकळं शेत. रक्कम दोन आणे. हजर: मी, माझा मेहुणा आणि सापगावची आणखी नऊ माणसं. सगळी कापडाच्या मागच्या अंगाला.

मागचं अंग म्हणजे काय, ते आधी सांगतो. भात झोडून झालं की आमच्या भागात फिरता सिनेमा येई. दोन बैलगाड्या, एक इंजिन, एक यंत्र आणि कनाती. वर छप्पर नसे, तरी सगळे त्याला तंबूच म्हणत. मधोमध दोन बांबूंना पांढरं कापड ताणत आणि खेळ सुरू होण्याआधी बादलीनं ते ओलं करत. ओल्या कापडातून चित्र पलीकडेही उमटे. यंत्राच्या बाजूला बसायचे चार आणे आणि पलीकडे पेंढ्यावर बसायचे दोन. धसईच्या बाजारात तंबू लागे तेव्हा डोंगरवाडीची माणसं पैशांऐवजी शेर-दोन शेर भात मोजून मागं बसत.

मी भाताच्या गिरणीत काट्यावर काम करत होतो. निम्म्या पैशांत पूर्ण चित्र मिळत असेल तर दुप्पट देण्याचं कारण मला दिसेना. शिवाय आवाजाचा भोंगा कापडाला लागूनच असे, आणि यंत्राची खडखड पलीकडे राही. म्हणजे आवाज उलट जास्तच मिळे. तीन वर्षांत मी नऊ बोलपट पाहिले, नऊही मागून.

पाहिलेल्या बोलपटावर मत देण्याची माझी एक रीत होती. फलकावर तिकीट चार आणे लिहिलेलं असे. त्या चारांतले किती वसूल झाले, एवढंच मी सांगे. त्यामुळे ऐकणाऱ्याला जायचं की नाही ते चटकन ठरवता येई, आणि रविवारी सकाळी आमच्या ओटीवर पाच-सहा माणसं त्यासाठी येऊन बसत. देवादिकांच्या एका बोलपटाला मी सव्वातीन आणे दिले होते. त्यात विमान उतरताना दोरी दिसली, तिचे तीन पैसे, म्हणजे पाऊण आणा, कापला. मारामारीच्या एकाला दीड आणा. तोही घोड्यामुळे, कारण सगळ्या मंडळींत काम त्यालाच येत होतं. एका संतपटाला तीन आणे दिले. शेवटचं गाणं एक कडवं आधी थांबलं असतं तर साडेतीन दिले असते. राजाच्या एका बोलपटात राजा डाव्या हातानं तलवार चालवी. माणूस डावरा असू शकतो, म्हणून त्याचं मी काही कापलं नव्हतं.

सुरुवातीला कापडावर अक्षरं येत, ती आम्हाला वाचता येत नसत. चांगले बोलपट कलकत्त्याहून येतात असं कानावर होतं, म्हणून ती बंगाली असावीत असं मी धरून चाललो होतो.

माझ्या बायकोनं मात्र एकही बोलपट पाहिला नव्हता. ‘पुरे चार आणे वसूल होतील असा आला की तुला नेईन,’ असं मी तिला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. तसा आला नव्हता. ती दर वेळी आकडा विचारी, मी सांगे, आणि ती पुन्हा कामाला लागे.

या वेळी तिनं आधीच चौकशी केली होती. बोलपट खानावळीचा आहे, असं तिनं विहिरीवर ऐकलं होतं. घरातून हाकललेली सून पोटासाठी खानावळ काढते आणि शेवटी सासराच तिच्याकडे जेवायला येतो, अशी गोष्ट. माझ्या सासूबाई विधवा झाल्यावर मुरबाडच्या बाजारात बाजारकऱ्यांना भाकरी-कालवण करून घालत. लग्न होईपर्यंत माझी बायको त्याच चुलीपुढे भाकऱ्या थापत होती. म्हणून शनिवारी मी निघताना ती दारापर्यंत आली आणि म्हणाली, “नीट बघा हं या वेळी.”

मी नीटच पाहिला. रविवारी सकाळी ओटीवर आकडा सांगितला: अडीच आणे.

“का रे एवढे कमी?” समोरच्या घरातल्या म्हातारबांनी विचारलं. “बाई दिसायला बरी नाय का?”

“बाईचं काही कापलं नाही. एक आणा पंगतीचा कापला. खानावळीत तेवीस माणसं जेवत होती, मी मोजली. तेवीसही डाव्या हातानं.”

“म्हंजे सगळीच डावरी?”

“सगळी. वाढणारासुद्धा. एक राजा डावरा असेल, पण अख्खी पंगत?”

म्हातारबा विचारात पडले. “खानावळ मुंबईची नं? मुंबईला पानी तर आपल्या तानशाच्या तलावातलंच जातं. मग यांचा हात कसा फिरला?”

“हाटेलात खाऊन,” मेहुणा म्हणाला. “उजव्या हातात पेपर धरायचा असतो नं.”

हे सगळ्यांना पटलं. मलाही पटलं, हे कबूल करतो. म्हातारबांनी आपल्या सुनांना असल्या बोलपटाला पाठवणार नाही, असं तिथंच जाहीर केलं.

“आणि दुसरा दीड आणा?” कोणीतरी हिशेब पुरा मागितला. आमच्याकडे येणारी माणसंही एव्हाना माझ्यासारखी झाली होती.

“दीड नाही, अर्धाच राहिला. चारातून एक गेला, तीन उरले. सासरा सुनेच्या हातचं जेवतो आणि उठताना पाटाशी पैसे ठेवतो. सासऱ्यानं सुनेला जेवणाचे पैसे द्यावेत, हे काही मला पटलं नाही. त्याचा अर्धा आणा.”

बायको ओटीच्या टोकाला गोधडी शिवत बसली होती. तिनं सुई थांबवली. “अवो, तिची नथ कुठल्या नाकपुडीत होती?”

“उजव्या.”

“आणि पदर?”

“उजव्या खांद्यावर.”

“गुजराथीण होती का?”

“छे, छे. मराठीच होती. स्वच्छ बोलत होती.”

“मराठी बाई उजव्या नाकात नथ घालते?” ती म्हणाली. तिनं डोळे बारीक केले. मग मांडीवरची गोधडी उचलली आणि माझ्यासमोर धरली. गोधडीवर लाल कापडाचा राघू कापून लावलेला होता, भोवती दोऱ्याची टीप. “हा राघू कुणीकडं बघतोय?”

“उजवीकडे.”

तिनं गोधडी उलटी केली. मागं लाल कापड नव्हतं, नुसत्या टिपेचा राघू होता. “आणि आता?”

“डावीकडे.”

“तुमी काल कापडाच्या कुठल्या अंगाला बसला होता?”

म्हातारबांना गुरं सोडायची आठवण झाली, पण ते उठले मात्र नाहीत.

“मागं गो, ताई,” शेवटी मेहुणा म्हणाला. “मागं दोनच आणे पडतात. पन आवाज चांगला येतो.”

“आणि आदी? तीन वर्सं?”

“नऊ बोलपट,” मी म्हणालो. आकडा तरी चुकीचा राहू नये.

“नऊ शिनेमे उलटे बघितलेत! आणि मला सांगताय, अडीच वसूल झाले, तीन वसूल झाले. मी इथं बसून ते खरं धरतेय.”

“मी लपवलं नव्हतं. कितीचं तिकीट काढलं, ते कोणी विचारलं नाही.”

“चारांतले किती म्हणून सांगितल्यावर माणूस चारच धरनार नं?”

हे तिचं बरोबर होतं. मी तसं म्हणालो. मग मी तिथंच, सगळ्यांसमोर, आकडा दुरुस्त केला. पंगत उजव्या हातानंच जेवत होती, म्हणून कापलेला एक आणा परत. अडीच आणि एक, साडेतीन.

“झालं मग, जाऊ या,” ती म्हणाली.

“चार कुठं झाले? सासऱ्याचा अर्धा आणा राहिलाच. तो उजव्या हातानं ठेवला काय आणि डाव्या हातानं ठेवला काय, पटत नाही ते नाहीच.”

“तो मी बघून ठरवीन.”

म्हातारबा आता मोकळे झाले होते. “अरे, ने तिला. नायतर आमी तुझं काय एक खरं धरायचो नाय. गिरणीतला काटापन उलट्या अंगानं बघत असशील.”

हे मला लागलं. काट्याबद्दल मला आजवर कोणी बोललं नव्हतं. पण तोवर उशीर झाला होता. शनिवारचा खेळ शहापूरचा शेवटचा होता, आणि आम्ही बोलत असतानाच तंबूच्या दोन गाड्या मुरबाडच्या वाटेला लागल्याचं एक गुराखी सांगत आला. बायको उठली. गोधडीची घडी करून आत गेली. भांडी नेहमीपेक्षा जोरात ठेवल्याचं ऐकू आलं.

मेहुण्याचं गाव मुरबाडच्या अलीकडे. तो दुसऱ्या दिवशी रिकामी गाडी घेऊन परत जाणारच होता. “चला भावोजी,” तो म्हणाला, “गाडीला काय पडत नाय. तुमचा सासऱ्याचा अर्धा आणा त्यात वळता करा.”

मी गिरणीतून तीन दिवसांची रजा घेतली. बायकोनं ठेवणीतलं लुगडं नेसलं, नथ घातली (डाव्या नाकपुडीत, तेही मी आता पाहिलं) आणि सोबत दशम्या घेतल्या. किन्हवलीवरून जाताना ती दर मैलाला विचारी, तंबू तिथं किती दिवस असतो. मेहुणा दर वेळी सांगे, चार दिवस. मधेच एकदा त्यानं तिला चिडवायला तीन सांगितलं. तेव्हा तिनं बैलांचा कासरा स्वतःच्या हातात घ्यायची तयारी केली.

मुरबाडला तंबू होता. खानावळीचाच बोलपट होता. आयुष्यात पहिल्यांदा मी फलकावरचे पैसे दिले: दोन तिकिटं, आठ आणे. पुढं बायकांची बाजू वेगळी, मधे दोरी. ती पलीकडे जाऊन बसली आणि मी पुरुषांत. समोर एकाचा भलामोठा फेटा, मागं यंत्राची खडखड, भोंगा दूर. चार आण्यांत गैरसोय जास्तच होती, हे माझं मत मी अजून बदललेलं नाही.

पण कापडावर अक्षरं आली आणि ती मला वाचता आली. चांगली मराठी होती. जवळच्या माणसाला मी मोठ्यानं वाचून दाखवायला लागलो, तर तो म्हणाला, “आमाला येतं वाचता.” पंगत बसली तेव्हा मी पुन्हा मोजली. तेवीसच होती. सगळे घास उजव्या हातात. एवढ्या माणसांना मी अख्खी एक रात्र वाईट चालीची ठरवलं होतं.

सासरा जेवून उठला आणि त्यानं पाटाशी पैसे ठेवले, तेव्हा बायकांच्या बाजूनं नाकं ओढल्याचे आवाज आले. दोरीपलीकडे आमची कुठली ते अंधारात कळलं नाही.

रात्री मेहुण्याकडे झोपलो. तिनं आकडा सांगितला नाही आणि मीही विचारला नाही. सकाळी अंगणात दात घासताना तीच म्हणाली, “सासऱ्याचा अर्धा आणा परत करा.”

“का?”

“माझ्या आईकडं बाजाराच्या दिवशी नातेवाईक यायचे. काका, आत्या, गावातले. पोटभर जेवायचे, भाकरी चांगली झाली म्हनायचे आणि उठून जायचे. परक्या बाजारकऱ्यानं पैसे ठेवले, घरच्यांनी कधी नाय ठेवले. आईला मागता यायचं नाय. त्या सासऱ्यानं मागितल्याशिवाय ठेवले. तेवढं बघूनच मला रडू आलं.”

मी चूळ भरली. माझ्या सासूबाईंच्या चुलीपाशी लग्नाआधी मीही तीनदा जेवलो होतो. भाकरी चांगली झाली, असं तिन्ही वेळा म्हणालोही होतो.

“दिला परत,” मी म्हणालो. “चार झाले.”

“चार नाय झाले. भाकरीचा अर्धा आणा कापायचा.”

“भाकरीत काय झालं?”

“ती भाकरी तिनं थापलीच नाय. बाई दिसते तेव्हा हातात पाटली आहे. नुसता परातीतला हात दिसतो, त्यात पाटली नाय, आणि नखं झिजलेली. ती दुसरीच कुनीतरी आहे, रोज थापनारी. तिला दाखवायला काय झालं होतं?”

तेवीस माणसं मी दोनदा मोजली होती, पण हाताकडे पाहिलं नव्हतं. मी तिचा आकडा मान्य केला. तेव्हापासून ओटीवर आकडा सांगायचं काम तिच्याकडे गेलं. म्हातारबा तर स्पष्टच म्हणाले, की आता निदान सुलट्या अंगानं कळेल.

राहिला मुरबाडचा व्यवहार. मी तिला पुऱ्या चार आण्यांचा बोलपट दाखवायचं कबूल केलं होतं आणि तिच्या हिशेबानं तो साडेतीनचा निघाला. अर्धा आणा मीच कमी दाखवला होता. निघण्यापूर्वी न्याहारीला तिनं भावाच्या चुलीवर भाकऱ्या थापल्या. मी जेवलो, भाकरी चांगली झाली असं काही म्हणालो नाही, आणि उठताना पाटाशी दोन पैसे ठेवले. तिनं ते उचलले, दोन्ही बाजू उलटून पाहिल्या आणि कमरेला खोचले.

एकूण दिले: तंबूवाल्याला आठ आणे, बायकोला अर्धा आणा.