वहिनींची बारावी

दादाचा फोन आला तेव्हा मी गोखिवऱ्याला आमच्या सोसायटीचे पाण्याचे मीटर तपासत होतो. "कुंदा गेली रे..." एवढंच तो म्हणाला. त्याला महिना उलटला. पण आता वहिनी म्हटलं की तो फोन आठवत नाही. भुईगावच्या अंगणात केळी वाळवताना इंग्रजी पुटपुटणारी बाई आठवते, आणि हसू येतं.

लग्नाआधी वहिनी बारावीला इंग्रजीत नापास झाल्या होत्या. पाहुणे आले की दादा मजेत सांगे, "आमची ही बारावी नापास." वहिनी हसून चहा ठेवायला उठायच्या. मुलीचं लग्न पार पडलं आणि कुणालाही न विचारता त्यांनी पुन्हा परीक्षेला बसायचं ठरवलं. "नापास म्हनून मरायचं नाय, भावजी," मला म्हणाल्या.

घोळ व्हायचा तो सारख्या दिसणाऱ्या शब्दांचा. ॲडव्हाइस म्हणजे सल्ला, ॲडव्हाइझ म्हणजे सल्ला देणे. इफेक्ट हा परिणाम, अफेक्ट म्हणजे परिणाम करणे. सुकेळ्यांसाठी सोललेली राजेळी केळी मांडवावर उन्हात पसरलेली असत. वहिनींनी ठरवलं, वरची बाजू नाम, खालची क्रियापद. दोन्हींचे अर्थ अचूक आल्याशिवाय केळं उलटायचं नाही.

"आणि विशेषण आलं तर?" मी विचारलं.

"ते केळं मी खाते!"

पहिली खेप वायाच गेली. क्रियापदं आठवेनात, म्हणून केळी वरून काळी पडली आणि खालून ओलीच राहिली. दादा ओरडला, "तुझ्या इंग्रजीपायी माल नासला!"

"नासू दे. पेपरात केळी इचारनार नाहीत."

पुढची खेप मात्र दोन्ही बाजूंनी सोनेरी उतरली. निकाल मी तेव्हाच ओळखला.

इंग्रजीत एकसष्ट! पस्तीसला पास, म्हणजे वर सव्वीस. मी दोनदा पडताळून पाहिले. वहिनींनी आळीभर सुकेळी वाटली आणि दुसऱ्याच दिवशी फाटकावर दादाच्या नावाखाली रंगवून घेतलं, 'सौ. कुंदा, बारावी उत्तीर्ण'. त्यानंतर दादाने पाहुण्यांना काही सांगायची गरजच उरली नाही...

गेल्या रविवारी गेलो तर दादा फाटकापाशी स्टूल टाकून बसलेला, हातात बारीक ब्रश. 'उत्तीर्ण' उन्हाने फिकं पडलं होतं. तेवढंच तो गिरवत होता.

"रस्त्यावरून वाचता आलं पाहिजे," मान वर न करता तो म्हणाला.