पॉलिश न मारलेली मूठ

मंडळी, आज आमच्या नेमबाजी क्लबच्या निवड चाचणीत माझी संघात निवड झाली, आणि ती पौडच्या सलीमचाचांमुळे. चाचा कुऱ्हाडीचे दांडे बनवतात.

माझं स्पर्धेचं पिस्तूल घाम आला की हातात फिरायचं. म्हणून त्याची प्लास्टिकची मूठ सुटी करून चाचांकडे नेली. त्यांनी मला कणकेचा गोळा घट्ट धरायला लावला आणि त्या ठशावरून शिसवी मूठ कोरली.

मला काळं चकचकीत पॉलिश हवं होतं. चाचा म्हणाले, "दांड्याला कुणी पॉलिश मारतं व्हय? हात सुटंल." नुसतं जवसाचं तेल चोळलं.

आज पिस्तूल तसूभरही हललं नाही. परदेशी मूठच घे म्हणणारे आमचे कोच आता पत्ता मागतायत. चाचांना फोन केला. म्हणाले, "दे की. पण कणीक त्यांनीच मळून आणायची."

तुमच्या हाताचं माप असं कुणी घेतलंय का?